मोकळी जागा पाचव्या मजल्यावर? एफएसआय, टॉवर आणि मुंबईकराच्या पायाखालची जमीन

आमच्या गल्लीतल्या एका सोसायटीची पुनर्विकासाची सभा गेल्या महिन्यात झाली. पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या आणि भिंतीला पांढरी चादर बांधून तिच्यावर नव्या इमारतीची चित्रं दाखवणं चाललं होतं. बिल्डरकडचा तरुण आर्किटेक्ट मन लावून सांगत होता: बावीस मजले, प्रत्येकाला पस्तीस टक्के जास्त जागा, दोन लिफ्ट, वर जिम. शेवटच्या रांगेतल्या एका काकूंनी विचारलं, "पोरं खेळणार कुठे?"

"काकू, मोकळी जागा पाचव्या मजल्यावर आहे, पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या मजल्यांच्या छतावर."

काकू क्षणभर थांबल्या. मग म्हणाल्या, "आणि खालची?"

त्या 'खालची'ला तिथे कुणी नीट उत्तर दिलं नाही. आर्किटेक्टने बरंच काही सांगितलं. त्यात एफएसआय होता, फंजिबल होता, टीडीआर होता, आणि चहा येईपर्यंत बहुतेकांनी ऐकणं सोडलं होतं. आज मुंबईत हजारो कुटुंबं असल्या सभांना बसतात आणि आयुष्यातला सगळ्यात मोठा व्यवहार हे शब्द न कळताच करतात. ते शब्द काही फार अवघड नाहीत. ते एकदा समजले की काकूंच्या प्रश्नाचं उत्तरही सापडतं, आणि ते एका इमारतीपुरतं राहत नाही.

चटईचं गणित

एफएसआयला सरकारी मराठीत 'चटई क्षेत्र निर्देशांक' म्हणतात. मला हा शब्द इंग्रजीपेक्षा चांगला वाटतो, कारण त्यातच चित्र आहे. तुमच्या भूखंडाएवढी एक मोठी चटई कल्पा. निर्देशांक १ असेल तर तुम्हाला तेवढी एकच चटई अंथरायला मिळते. ती अख्ख्या जमिनीवर पसरली तर एकमजली घर होईल आणि इंचभरही जमीन उरणार नाही. तीच कापून चार तुकडे केले आणि एकावर एक रचले तर चार मजले होतील आणि पाऊण जमीन मोकळी राहील. चटई मात्र दोन्हीकडे तेवढीच.

निर्देशांक ३ म्हणजे तीन चटया. हजार चौरस मीटरच्या भूखंडावर तीन हजार चौरस मीटर बांधकाम. इमारतीने अर्धी जमीन व्यापली तर सहा मजले, पाव जमीन व्यापली तर बारा.

इथे लोकांचा नेहमी घोळ होतो, म्हणून थांबून सांगतो. निर्देशांक चटया किती ते सांगतो. त्या कशा रचायच्या, खाली किती जमीन सोडायची आणि सोडलेल्या जमिनीवर कुणी पाऊल टाकायचं, हे तो सांगत नाही. ते दुसऱ्या नियमांत असतं, आणि सभेत त्या नियमांविषयी सहसा कुणी विचारत नाही.

मुंबईत १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने शहर भागाला, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत, १.३३ निर्देशांक दिला आणि उपनगरांना १. हे मूळ आकडे आजही पायाशी आहेत. त्यांच्यावर थर चढत गेले. आज लागू आहे तो '२०३४'चा विकास आराखडा, जो २०१८ मध्ये मंजूर झाला.

वरचे थर कुठून येतात?

पहिला थर प्रीमियमचा. सरकार आणि पालिकेला पैसे भरले की जादा चटई मिळते.

दुसरा टीडीआरचा, म्हणजे विकास हक्क हस्तांतरणाचा. समजा तुमची जमीन विकास आराखड्यात उद्यानासाठी राखून ठेवलेली आहे. पालिकेकडे ती विकत घ्यायला रोख पैसे नाहीत. ती तुम्हाला म्हणते, जमीन आम्हाला द्या, बदल्यात ही चिठ्ठी घ्या. त्या चिठ्ठीवर दुसरीकडे तेवढं जादा बांधकाम करता येईल. स्वतः करा किंवा चिठ्ठी विकून टाका. युक्ती हुशारीची आहे आणि तिच्यामुळे पालिकेला जागा मिळाल्याही. पण १९९१ च्या नियमांत ही चिठ्ठी शहर भागात वटत नसे, ती उपनगरांतच वापरावी लागे. मोकळी जमीन मिळायची एकीकडे आणि वाढीव मजले चढायचे दुसरीकडे, पार्ले-अंधेरीच्या जुन्या गल्ल्यांत. तिथल्या माणसाला उद्यान दिसलं नाही, शेजारची चार मजली इमारत सात मजली झालेली दिसली.

तिसरा थर फंजिबलचा. पूर्वी बाल्कन्या, फ्लॉवर बेड, कोनाडे यांची जागा निर्देशांकात धरत नसत. मग घराच्या खोलीएवढे 'फ्लॉवर बेड' होऊ लागले आणि ताबा मिळाल्यावर भिंत पाडून ते दिवाणखान्यात जाऊ लागले. जानेवारी २०१२ मध्ये हे सगळं निर्देशांकात धरायचं ठरलं आणि भरपाई म्हणून ३५ टक्के जादा बांधकाम द्यायचं ठरलं. सभेत ऐकू येणारे पस्तीस टक्के ते हे. निर्देशांक ३ असेल तर फंजिबलसकट तो ४.०५ होतो.

शिवाय जिने, लिफ्टची जागा, गाड्यांचे पोडियम हे मजले निर्देशांकाच्या बाहेरचे. म्हणून कागदावर चार चटया असल्या तरी रस्त्यावरून इमारत त्याहून बरीच मोठी दिसते.

उंच इमारत म्हणजे गर्दी, असंच ना?

अर्धंच खरं. यावर मी आधी टॉवरची बाजू मांडतो, कारण ती मांडल्याशिवाय पुढचं बोलणं अन्यायाचं होईल.

वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळी १९२० च्या दशकातल्या. १६० चौरस फुटांची खोली, मजल्याच्या टोकाला सामायिक संडास, एका खोलीत तीन पिढ्या. वरळीतल्या ५५६ कुटुंबांना २०२५ च्या ऑगस्टमध्ये ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. चाळीच्या गॅलरीविषयी आपण बाहेरचे लोक हळवं होऊन लिहितो, पण रात्री संडासला जाताना सोबत शोधावी लागणाऱ्या मुलीला विचारा. तिला टॉवर हवा आहे, आणि तो तिला मिळायलाच हवा.

आता हिशोब बघा. माणसं तेवढीच ठेवली तरी १६० चे ५०० करायला तिपटीहून जास्त चटई लागते. जमीन ताणता येत नाही, म्हणून वर जावं लागतं. मुंबईत निर्देशांक कमी असतानाही गर्दी प्रचंड होती, कारण एकेका चटईवर दाटीवाटीने माणसं झोपत होती. नुसत्या उंचीने माणसं वाढत नाहीत.

माणसं वाढतात ती विक्रीच्या घरांमुळे. पुनर्विकासात जुन्या रहिवाशांना घर फुकट मिळतं, ते जादा चटईवर बांधून विकलेल्या घरांच्या पैशांतून. एक साधं उदाहरण घेऊ. हजार चौरस मीटरचा भूखंड, चोवीस कुटुंबं, घरटी चार माणसं, म्हणजे ९६ जण. पुनर्विकासानंतर तिथे साठ घरं झाली, म्हणजे २४० जण. वाढले १४४. देशाच्या नगररचनेच्या मार्गदर्शक तत्त्वांत शहरात माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा धरली आहे. किमान दहाने धरली तरी १४४ नव्या माणसांना १,४४० चौरस मीटर लागेल. मूळ भूखंडच हजारचा होता. अख्खी इमारत पाडून तिथे नुसती बाग केली तरी नव्यांच्या वाट्याची जागा पुरी होत नाही.

हे एका भूखंडाचं. गल्लीत असे दहा भूखंड असतात आणि त्या गल्लीला जोडलेलं मैदान तेच जुनं असतं. लोकलच्या डब्याला वर आणखी दोन मजले बांधले आणि दारं मात्र होती तेवढीच ठेवली, तर काय होईल ते कल्पा.

मुंबईत सध्या माणशी मोकळी जागा आहे सुमारे सव्वा चौरस मीटर, म्हणजे साडेतेरा चौरस फुटांच्या आसपास. एका माणसाची झोपायची चटई तीन बाय सहाची धरली तर अठरा चौरस फूट होते. आपल्या वाट्याला आलेल्या शहरात आपल्याला साधं आडवंही होता येत नाही. हा आकडा पहिल्यांदा फुटपट्टीने जमिनीवर आखून बघितला तेव्हा मी बराच वेळ त्याच्यात उभा होतो.

मग टॉवरच्या खाली सुटलेली जमीन जाते कुठे?

उंच इमारतीमुळे जमीन मोकळी सुटते हे गणितात खरं आहे. प्रत्यक्षात काय होतं ते कुठल्याही नव्या टॉवरच्या फाटकाशी उभं राहून बघा. आधी गाड्यांचा उतार. मग अग्निशमन दलाची मोठी गाडी वळायला सोडलेली फरसबंद पट्टी. ती हवीच, तिच्याबद्दल तक्रार नाही. मग ट्रान्सफॉर्मर, जनरेटर, सुरक्षारक्षकाची खोली, पाण्याची टाकी. उरलेल्या जागेवर पाच-सहा मजल्यांचं पार्किंग, ज्याची भिंत थेट रस्त्याला भिडते. जुन्या इमारतीच्या तळाला वाण्याचं दुकान, शिंपी, डॉक्टरांचा दवाखाना असायचा. रात्री साडेनऊलाही तिथे दिवा असायचा. आता तिथे शंभर-दीडशे फूट कोरी भिंत असते. त्या भिंतीशेजारून रात्री एकटं चालताना बाईला काय वाटतं, याचा रकाना मंजुरीच्या नकाशात नाही.

मोकळी जागा पोडियमवर चढवण्याचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. दादरच्या गिरणीच्या जमिनीवरच्या एका प्रकल्पाच्या निमित्ताने न्यायालयाने डिसेंबर २०१३ मध्ये सांगितलं की नियमाने बंधनकारक असलेली किमान मनोरंजनाची जागा जमिनीवरच असली पाहिजे, पोडियमवर नाही. कारण साधं आहे. जमिनीवरच्या मातीत झाड मूळ धरतं आणि पाणी मुरतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. शहराच्या जुन्या गटारांची क्षमता ताशी २५ मिलिमीटर पावसाची होती आणि ती ५० करण्याचं काम तेव्हाही रखडलेलंच होतं. अशा शहरात कच्ची जमीन ही चैन नाही. पाचव्या मजल्यावरच्या कुंड्यांनी ते काम होत नाही.

आणि आणखी एक भेद. फाटकाच्या आतली मोकळी जागा आणि सार्वजनिक जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आतली जागा साठ घरांची. शेजारच्या चाळीतलं पोर तिथे चेंडू आणायलाही जाऊ शकत नाही. जाहिरातीत 'सत्तर टक्के ओपन स्पेस' लिहिलेलं असतं, ते या आतल्या जागेबद्दल.

गिरण्यांच्या जमिनी: एका शब्दाचा फरक

सार्वजनिक जागा मिळवण्याची मुंबईला जी सगळ्यात मोठी संधी आली होती ती गिरणगावात. जानेवारी १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या. परळ, लालबाग, वरळी, भायखळा या भागांत मिळून सुमारे सहाशे एकर जमीन, शहराच्या अगदी मधोमध.

१९९१ च्या नियमावलीतल्या नियम ५८ ने एक वाटणी घातली. गिरणीमालकाला जमीन विकसित करायची असेल तर एक तृतीयांश पालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेली तिसरी मालकाला. १९९६ मध्ये वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या समितीने या जमिनींचा एकत्रित विचार करून आराखडा सुचवला. तुकड्यातुकड्यांनी विचार केला तर हातात तुकडेच येतील, हे त्यामागचं साधं शहाणपण होतं.

२००१ मध्ये नियमात बदल झाला. वाटणी जमिनीचीच राहिली, पण जमीन म्हणजे 'मोकळी' जमीन, ज्यावर बांधकाम नाही ती, असा अर्थ घ्यायचा ठरला. गिरणी म्हणजे मुळातच शेड, गोदामं, चिमण्या यांनी भरलेला आवार. त्यात मोकळी जमीन ती किती असणार? इमारती पाडून मोकळी होणारी जमीन वाटणीतून सुटली. मुंबईतल्या एका पर्यावरणवादी संस्थेने याला आव्हान दिलं, २००५ मध्ये उच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला, आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. शहराच्या आणि म्हाडाच्या हातात ठरल्या वाटणीतला फार थोडा भाग आला. उरलेल्यावर आज आपण बघतो ते टॉवर, मॉल आणि कार्यालयं उभी आहेत.

याची किंमत कुणी दिली ते सांगायला हवं. कारखान्यांच्या जागी कार्यालयं आली, हजारोंनी माणसं रोज परळ आणि एल्फिन्स्टन रोडला उतरू लागली. त्यांना जोडणारा पादचारी पूल गिरणीच्या काळातला, अरुंद. २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी पाऊस आला, लोक जिन्यात थांबले, मागून गाड्या येत राहिल्या. चेंगराचेंगरीत २३ जण गेले. रेल्वेचा पूल आणि गिरणीच्या जमिनीचा नियम यांचा संबंध कुठल्याही एका फायलीत सापडणार नाही, पण त्या जिन्यावर तो होता.

समुद्र हेच आमचं मैदान

मुंबईने मैदानं कमी ठेवली, कारण तिला वाटत आलं की समुद्र आहेच. आणि हे काही अंशी खरंही आहे. मरीन ड्राइव्हचा कठडा बघा. भरावाच्या जमिनीवर, बहुतेक १९३० आणि ४० च्या दशकांत उभ्या राहिलेल्या पाच-सहा मजली इमारती, एका उंचीच्या, मग रस्ता, मग रुंद पदपथ आणि शेवटी कठडा. त्या इमारतींत देशातली अतिशय महाग घरं आहेत, तरी कठड्यावर बसायला कुणाला कुणाची परवानगी लागत नाही. परीक्षेत नापास झालेला पोरगा, लग्न ठरलेलं जोडपं, पाय दुखणारे आजोबा, सगळे एका रांगेत. २०१८ मध्ये युनेस्कोने इथल्या आर्ट डेको इमारतींना जागतिक वारसा ठरवलं. मला विचाराल तर वारसा इमारतींइतकाच त्या मांडणीचा आहे: आधी घर, मग रस्ता, आणि पाण्याची कड सगळ्यांची.

ही मांडणी टिकवायला एक कायदा मदतीला होता. १९ फेब्रुवारी १९९१ च्या सागरी किनारा नियमन अधिसूचनेने, म्हणजे सीआरझेडने, भरतीरेषेपासून ५०० मीटरच्या पट्ट्यातल्या बांधकामावर बंधनं घातली. शहरी भागात नवी इमारत किनाऱ्याच्या रस्त्याच्या जमिनीकडच्या बाजूलाच, आणि निर्देशांक त्या काळचाच गोठवलेला. जुन्या धोकादायक इमारतींत अडकलेल्या रहिवाशांना याचा खूप त्रास झाला, हेही खरं. २०१९ च्या नव्या अधिसूचनेने तो गोठवलेला निर्देशांक मोकळा केला. किनाऱ्यालगतच्या पट्ट्यात अलीकडे एकदम इतके टॉवर का उगवले, याचं मोठं कारण हे. पश्चिम किनाऱ्यावर उंच इमारतींची सलग भिंत झाली की मागच्या गल्लीतलं संध्याकाळचं ऊन आणि समुद्राचा वारा दोन्ही जातात.

किनारा कुणासाठी, या प्रश्नात आपण फिरणाऱ्यांचाच विचार करतो. कोळ्यासाठी तो कामाचं ठिकाण आहे. होडी ओढायला, जाळं पसरून शिवायला, वलांडीवर बोंबील वाळवायला जागा लागते, आणि नकाशात ती 'रिकामी' दिसते. सागरी किनारा रस्त्याच्या कामात वरळी कोळीवाड्याच्या मच्छीमारांना होड्या सुखरूप नेण्याइतकं दोन खांबांमधलं अंतर मिळवायला आंदोलन करावं लागलं. शेवटी ते ६० मीटरवरून १२० मीटर झालं.

त्या रस्त्याचं उदाहरण दोन्ही बाजूंनी बघण्यासारखं आहे. १०.५८ किलोमीटरचा हा दक्षिणेकडचा टप्पा, त्यासाठी सुमारे १११ हेक्टर समुद्रात भराव. त्यातल्या सुमारे ७० हेक्टरवर मोकळी जागा होणार, असं सांगितलेलं आहे आणि भरावावर घरं किंवा दुकानं बांधायची नाहीत अशी अटही आहे. ही अट सोन्यासारखी आहे. ती कुणी सैल करायला निघालं तर आरडाओरडा करायला हवा. पण क्रम बघा. गाड्यांसाठी रस्त्याचा पहिला भाग मार्च २०२४ मध्ये खुला झाला आणि पायी फिरणाऱ्यांसाठी समुद्राकाठचा विहारपथ ऑगस्ट २०२५ मध्ये.

पूर्व किनारा तर बहुतेक मुंबईकरांनी पाहिलेलाच नाही. ससून डॉकपासून वडाळ्यापर्यंत बंदराच्या भिंतीमागे सुमारे १,८०० एकर जमीन आहे. ती खुली करण्याविषयी राणी जाधव समितीने २०१४ मध्ये अहवाल दिला. गिरण्यांच्या बाबतीत जे झालं ते इथे होऊ द्यायचं नसेल तर 'मोकळी जागा' या शब्दाची व्याख्या आधी तपासावी लागेल.

पण न्यूयॉर्कला चालतं ना?

हा आक्षेप नेहमी येतो. मॅनहॅटनच्या व्यापारी भागात मूळ निर्देशांकच १५ पर्यंत आहे, मग आपण चारवर का कुरकुरतो? कारण तिथे आधी जमीन आखली गेली. १८११ मध्येच रस्त्यांचं जाळं ठरलं, त्यानंतर ८४३ एकरांचं सेंट्रल पार्क राखलं गेलं, आणि उंच इमारती नंतर आल्या. आपण इमारती आधी चढवतो आणि रस्ता मागाहून रुंद करायला जातो. २०१५ च्या विकास आराखड्याच्या मसुद्यात रेल्वे स्थानकांजवळ ८ पर्यंत निर्देशांक सुचवला होता. स्थानकाजवळ दाट वस्ती हा विचार चुकीचा नाही, पण ज्या गल्लीत दोन रिक्षा समोरासमोर आल्या की अडतात तिथे तो कसा पेलणार? लोकांच्या विरोधानंतर तो मसुदा मागे घेतला गेला.

न्यूयॉर्कचा एक धडा मात्र घेण्यासारखा आहे. १९६१ पासून तिथे बिल्डरला जादा बांधकाम देऊन बदल्यात इमारतीच्या तळाशी सर्वांसाठी खुला चौक करून घेतला जातो. अनेक ठिकाणी पुढे त्या चौकांना साखळ्या लागल्या आणि बाकडी गायब झाली. करारात जागा लिहून भागत नाही, दार किती वाजता उघडायचं तेही लिहावं लागतं.

मोकळी जागा ठेवली की अतिक्रमण होतं, त्यापेक्षा कुंपण बरं

हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. पण शिवाजी पार्ककडे बघा. १९२५ पासून ते लोकांसाठी खुलं आहे, भोवती नुसता बसका कट्टा. पहाटे चालणारे, मग क्रिकेटची जाळी, दुपारी झाडाखाली डबा खाणारे, संध्याकाळी कट्ट्यावर गप्पा. दिवसभर माणसांनी भरलेली जागा सहसा बळकावली जात नाही. ओस पडलेली बळकावली जाते. वांद्र्याचं बँडस्टँड आणि कार्टर रोडचा किनारा हेही तिथल्या रहिवाशांनी पाठपुरावा करून फिरण्याजोगे केले. त्यासाठी देखभालीचा पैसा आणि माणूस लागतो, जो अंदाजपत्रकात धरावा लागतो.

आणि इथे पालिकेची अडचण येते. जुलै २०१७ मध्ये जकात गेली. तिची भरपाई राज्याकडून येते, पण स्वतःच्या हातचं मोठं उत्पन्न म्हणून प्रीमियम आणि विकास शुल्काकडे डोळे लागतात. जो निर्देशांकावर लगाम ठेवणार, त्यालाच तो विकून पैसे मिळतात. यात कुणी दुष्ट असायला लागत नाही. व्यवस्थाच तशी वळते. प्रीमियममधून आलेला पैसा त्याच वॉर्डात मैदान, पदपथ आणि गटारावर खर्च झाला पाहिजे असं बंधन घातलं, तर निदान जिथे मजले चढतात तिथे जमीनही सुधारेल.

सभेत विचारायचं काय?

तुमच्या सोसायटीत फाइल आली असेल तर चौरस फुटांबरोबर आणखी काही गोष्टी विचारा. जमिनीवर, मातीवर, किती मोकळी जागा राहणार आहे, पोडियम सोडून? समोरचा रस्ता किती मीटरचा? साधारणपणे तो ९ मीटरपेक्षा अरुंद असेल तर टीडीआर वापरता येत नाही, म्हणून सेटबॅक, म्हणजे भूखंडाची रस्त्यालगतची पट्टी, सोडून तो रुंद दाखवला जातो. ती सोडलेली पट्टी पदपथ होणार की पार्किंग? रस्त्याकडच्या बाजूला दुकानं असतील की भिंत? जुनी झाडं नकाशात कुठे आहेत?

सोसायटीबाहेरचं बघायचं असेल तर विकास आराखड्याचा तुमच्या वॉर्डाचा नकाशा पालिकेच्या संकेतस्थळावर आहे. त्यात हिरव्या रंगातली आरक्षणं शोधा आणि रविवारी सकाळी पायी जाऊन बघून या. एखाद्या 'खेळाच्या मैदानावर' गॅरेज असेल, एखाद्यावर काहीच नसेल आणि फक्त कुलूप असेल. आरक्षण बदलायचं असेल तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली सूचना काढून हरकती मागवाव्या लागतात आणि त्यासाठी एक महिना असतो. ती सूचना राजपत्रात आणि वर्तमानपत्रात बारीक टायपात येते. ती वाचणारा एक जण गल्लीत असला तरी पुरतो.

आमच्या त्या सभेतल्या काकूंनी पुढच्या बैठकीला घरची मोजपट्टी आणली. फाटकाबाहेरचा पदपथ त्यांनी आणि त्यांच्या नातवाने मिळून मोजला: तीन फूट दोन इंच, आणि त्यातले दीड फूट विजेच्या पेटीने खाल्लेले. तो आकडा त्यांनी वहीत लिहून आर्किटेक्टपुढे ठेवला आणि नव्या नकाशात तिथे किती फूट असतील ते शेजारी लिहून मागितलं. त्याने "बघून सांगतो" म्हटलं आहे. वहीतला तो रकाना अजून रिकामा आहे, आणि करारावर त्यांची सही व्हायची आहे.